प्लेट सोडली तरी एक्क्याऐंशी

३ नोव्हेंबर, सोमवार. पोह्याचा ठेला आटपून.

आणि वरून तो दुकानदार मलेच सांगते, काकू मशीन बरोबर आहे. बरोबर कशी राहीन? कोजागिरीपासून एक्क्याऐंशी दाखवून राहिली. सकाळी एक्क्याऐंशी, संध्याकाळी एक्क्याऐंशी, बांगड्या काढून एक्क्याऐंशी. वजन आहे का घर नंबर? त्यानं पाच किलोची आट्याची थैली ठेवली, तं मशीन म्हणे पाच. मी म्हटलं, थैलीत पाच आहे हे कोण पाहून आलं? दुकानात चार गिऱ्हाईकं होती, सगळी माह्याकडेच पाहत. पाहा म्हटलं, फुकट आहे. शेवटी त्यानं हात जोडले आन् मशीन बदलून दिली.

नवीन मशीनही एक्क्याऐंशी म्हणते. एकाच कारखान्यातली असन.

सत्याऐंशी होती मी. चहातली साखर सोडली, बगीच्यात चकरा मारल्या, सहा किलो गेले. मंग एकदम ब्रेक. हे कोणी पाहत नाही.

आता सगळं चाललं आहे ते काजलसाठी. नववीत आहे. वीस डिसेंबरले शाळेचं गॅदरिंग, ती नाचात पुढच्या रांगेत. दिवाळीत मी म्हटलं, कोणती साडी नेसू? तं पोट्टी मोबाईलमधून मान वर न करता म्हणे, आई तू काहून तरास घेते, बाबा येईन ना. तरास म्हणे. मी समजली. तिच्या मैत्रिणीच्या आया सगळ्या सुतळीवानी. जाड आई शाळेत न्यायची लाज वाटते तिले. पंच्याहत्तरवर येऊन दाखवते, मंग तीच हात धरून नेईन.

७ नोव्हेंबर

शेजारची दीपमाला बगीच्यात बायकांले योगा शिकवते. हातात घड्याळ आहे, त्यात पावलं मोजते. तिले म्हटलं माहं वजन अडकलं. ती म्हणे, ताई, तुमचं प्लेटो झालं, सगळ्यांचं होते. पुढं काही सांगत होती, तं तिचा फोन वाजला. मी थांबली नाही. मले कुठं वेळ आहे?

समजलं ना पण. प्लेटचं आहे. घरची ताटं परातीएवढी आहेत. एवढं मोठं ताट पाहिलं का माणूस भरतेच. आजपासून मयुरीच्या प्लेटमध्ये जेवीन. मयुरी माही धाकटी, दुसरीत. प्लेटवर ससा आहे, तीन खण आहेत. एका खणात एक पोळी दुमडून बसते.

काजलचे बाबा हसले. म्हटलं हसा, वीस तारखेले पाहू.

१२ नोव्हेंबर

ससा झाला. एक्क्याऐंशी.

म्हणजे लहान प्लेटही प्लेटच. वजन काहून हालत नाही, समजत नव्हतं मले. प्लेटच नाही तं प्लेटो कुठून होईन? आजपासून ताटावर बसणंच बंद.

१३ नोव्हेंबर

दिवसभर जेवली नाही. लिहून ठेवते, मंग कोणी म्हणायचं नाही.

पहाटे तर्रीचं, म्हणजे पोह्यावरच्या चण्याच्या रश्श्याचं, मीठ पाहिलं. तिखट पाहिलं. चणे शिजले का पाहिले, पाच-सहा दाण्यानं समजत नाही, तळाचेही पाहावे लागते. तर्रीवर तेल बरोबर आलं का, ते पोह्यावर घेतल्याशिवाय समजत नाही. ठेल्यावर काजलचे बाबा डावानं वाढतात, पण चव माही आहे. हे काम आहे. ड्रायव्हर गाडी चालवते तं तो फिरायले गेला म्हणते का कोणी?

कढईले खाली पोहे चिकटले होते, ते पुसून घेतले, नाही तं घासायले तरास. मयुरीनं डबा अर्धा आणला, फेकू का? काजलच्या बाबांची अर्धी पोळी.

जेवण शून्य.

१८ नोव्हेंबर

एक्क्याऐंशी. मशीन फरशीवर ठेवली, ओट्यापाशी ठेवली, दाराच्या बाहेर ठेवली. बाहेर ठेवली तवा वरची बाई जिन्यावरून पाहत होती. तिले म्हटलं, काय पाहता, तुम्हीही चढा. ती घरात गेली.

व्यायामाचं ठरवलं. पहाटे जमत नाही, तर्री राहते. सकाळी ठेला. दुपारी चणे निवडणं. संध्याकाळी मयुरीचे पाढे. रात्री पाय म्हणतात आता पुरे. बायकांच्या मासिकात लिहितात स्वतःसाठी वेळ काढा. काढून द्या ना मंग तुम्हीच.

तरी उद्यापासून नक्की.

१९ नोव्हेंबर

थंडी होती.

२४ नोव्हेंबर

हे लिहू का नको लिहू.

बगीच्यात गेली होती, मयुरी संगं होती. दीपमाला सगळ्यांले विचारून राहिली, कोण काय खाते. माहा नंबर आला. मी सरळ सांगितलं, अकरा-बारा दिवस झाले, मी प्लेटले हात लावला नाही. एक म्हणे, बाप रे, चक्कर नाही येत का? मले बरं वाटलं.

तं मयुरी मधात म्हणे, माही आई जेवतच नाही, ती पुसते.

दीपमालानं विचारलं, काय पुसते बेटा? तं ही पोट्टी बोटावर सांगते, कढई पुसते, माहा डबा पुसते, बाबाची प्लेट पुसते, मंग तर्रीचं झाकण पुसते. तोंडानं.

सगळ्या हसल्या. एक जण तं बाकावर बसूनच गेली. मयुरीही हसली, तिले वाटलं तिनं आईचं कौतुक केलं.

दीपमाला हसली नाही. ती हळूच म्हणे, ताई, एक दिवस करून पाहा, जे तोंडात जाईन ते आधी एका वाटीत टाका, संध्याकाळी पाहा. तिनं चांगलंच सांगितलं होतं. पण माह्या कानात हसणं होतं. मी म्हटलं, तू आपल्या घरची वाटी पाहा वं, तुह्या हातचं खावं लागू नये म्हणून तुहा नवरा हॉटेलात जेवते, सगळ्या हुडकेश्वर वस्तीले माहीत आहे.

मंग कोणी हसलं नाही. तिचे डोळे भरले. चटई गुंडाळून राहिली तं गुंडाळल्या जात नव्हती.

काजल मयुरीले घ्यायले आली होती. फाटकाशी उभी होती. लांब होती, ऐकलं नसन.

२५ नोव्हेंबर

बगीच्यात गेली नाही. पाय दुखून राहिला.

बोलायचं नव्हतं ते. पण तिनंही सगळ्यांसमोर वाटी काढायची गरज नव्हती.

२७ नोव्हेंबर

दीपमालाले खोटं पाडायसाठी वाटी ठेवली ओट्यावर. जे तोंडात टाकायचं ते वाटीत. मीठ पाहायचं ते वाटीत, चणे वाटीत, कढईचं वाटीत.

ठेला निघाच्या आधीच वाटी भरली. वाटी लहान होती. भात शिजवायचा गंज घेतला. डबे आले, चहासंगं मयुरीचे बिस्किटाचे तुकडे आले, उरलेलं वरण आलं. दिवे लागायच्या वेळेले गंज भरला.

पाहत बसली त्याच्याकडे. त्यात भात होता, त्यावर तर्री, त्यात बिस्किट. एवढं मी पाहुण्याले वाढत नाही. कोणी पाहू नये म्हणून झाकण ठेवलं. मंग गल्लीतल्या गाईले नेऊन दिलं. गाय खाता खाता दोनदा थांबली.

२८ नोव्हेंबर

कालचा दिवस वेगळा होता. ठेल्यावर गर्दी होती म्हणून मीठ जास्त वेळा पाहावं लागलं.

काजलले सहज म्हटलं, प्लेटो वाईट चीज आहे, प्लेट सोडली तरी सुटत नाही. ती बुकातून वर पाहून म्हणे, आई, ते प्लॅटो आहे. पठार. दख्खनचं पठार असते तसं, चढत चढत जाते आन् मंग सपाट.

आता योगावालीनं माह्याशी भूगोल काहून बोलावं? सरळ बोलता येत नाही का लोकांले? तीन आठवडे मी प्लेटशी भांडली.

१ डिसेंबर

ठरवलं. पुसणं बंद, ताटावर बसणं चालू. मीठ काजलचे बाबा पाहतीन. ते म्हणे, मले कुठं समजते? म्हटलं, वीस वर्षं खाऊन राहिले, अजून समजलं नाही?

३ डिसेंबर

तर्री खारट. गिऱ्हाईकं पाणी मागून राहिली. एकानं विचारलं, काकू गावाले गेल्या का? मी मागंच उभी होती. म्हटलं, हो, आन् तू तिकडंच जा पोहे खायले. तो गेला.

हात सारखा कढईकडे जाते. पदरात बांधून ठेवावा वाटते.

६ डिसेंबर

ऐंशी.

तीनदा चढली. ऐंशीच. मशीन चांगली आहे.

१२ डिसेंबर

एकोणऐंशी. पठार गेलं. पंच्याहत्तर नाही झालं, पण हिरव्या साडीचा ब्लाऊज बसला, हुक लागले सगळे. साडी इस्त्रीले दिली.

काजलले अजून काही सांगितलं नाही. तिनंही गॅदरिंगचं नाव काढलं नाही. तिच्या मनात असन शेवटी अचानक सांगू. पोट्टी आहे, त्यांले असं आवडते. पास दोन भेटतात म्हणे घरटी. एक बाबाचा, एक माहा. हिशोब बरोबर आहे.

१५ डिसेंबर, सोमवार

दीपमाला दारात आली. मले वाटलं भांडायले आली, मी आधीच तयार होऊन उभी. तिनं पास पुढं केला. म्हणे, ताई, काजलनं मले दिला, आईले जमत नाही म्हणे. पण तुमची साडी मी इस्त्रीवाल्याकडे पाहिली. तुम्हीच जा.

पास घेतला नाही. ती उंबऱ्यावर ठेवून गेली.

काजल शाळेतून आली तं म्हटलं, एकोणऐंशी झाली मी. आता काय लाज आहे तुले?

ती म्हणे, वजनाचं कोण बोललं?

मी म्हटलं, मंग?

ती जुता काढत होती. म्हणे, आई, तू जिथं जाते तिथं कोणीतरी रडते, नाही तं हात जोडते. शाळेत माह्या मॅडम राहतीन. तू शंभर किलोची आली असती तरी चाललं असतं. आन् आत गेली. दार आपटलं नाही. आपटलं असतं तं मले बोलता आलं असतं.

१६ डिसेंबर, मंगळवार

मशीनवर चढली नाही.

काजलच्या बाबांले विचारलं, मी लय जोरात बोलते का? ते चणे धुवून राहिले होते. म्हणे, नाही. म्हटलं खरं सांगा. तं दोन पावलं मागं सरकले आन् मंग म्हणे, नाही.

दीपमालाकडे गेली. माफी मागायची होती. दार उघडलं तं तोंडातून निघालं, तुही बेल किती हळू वाजते. ती हसली. मंग मी मागितली. बरोबर मागता आली नाही, पण मागितली. पास तिनं परत घेतला नाही.

काजलशी तीनदा बोलायले गेली. तिन्ही वेळा आवाज वर चालला, म्हणून भांडी घासायले वापस आली. म्हणून आधी इथं लिहून पाहते. मंग पाठ करून हळू बोलीन.

काजल, मी शेवटच्या रांगेत बसीन. कोणाले काही बोलणार नाही, कोणी धक्का मारला तरी. तुह्या मॅडम समोर आल्या तं नमस्कार करीन, तोंड बंद ठेवून. टाळ्या वाजवीन, त्याही नको असतीन तं तसं सांग. मले राग येईन, पण मी तो घरी आल्यावरही काढणार नाही. येऊ का नको येऊ, एवढंच सांग. हो म्हण नाही तं नाही म्हण, पण बाबाच्या तोंडून नको, तू सांग. शुक्रवारी सकाळी डबा भरायच्या आधी मले जवाब पाहिजे.