ओटिलिया खाणीची शेवटची पाळी

गेल्झनकिर्शन, ४ मार्च १९६८

चि. एगोनला ट्रूडेताईचे आशीर्वाद, रागातले असले तरी.

तुझं नाव पेपरात वाचलं. खाणी बंद करायच्या कायद्याला खासदारसाहेबांनी हात वर केला म्हणे! आमची ओटिलिया तीस तारखेला बंद होतेय. मी बातमी वाचून दाखवली, तर तुझे दाजी भरल्या ताटावरून उठले. एवढा गरीब माणूस, पण म्हणाले, संघटनेचा पुढारी म्हणून आम्हीच याला खांद्यावर घेऊन बॉनला, संसदेत धाडला, आणि यानंच आमच्या पोटावर पाय दिला. मी काय बोलणार, कपाळ? का केलंस ते लिही. शेवटच्या पाळीला सगळे जुने उतरणार आहेत, तूही ये. बटाट्याची धिरडी करीन. पण साहेब होऊन येऊ नकोस बाबा.

लोभ आहे म्हणूनच एवढं बोलले.
ट्रूडे

बॉन, ९ मार्च

ति. ताईस सा. न.

पक्षाच्या बैठकीत मी दोन तास भांडलो गं. सगळे म्हणाले, कोळशाला गिऱ्हाईक नाही, खाणी बुडणारच. कायदा केला तर निदान पेन्शन तरी लोकांच्या पदरात पडेल. मला ते पटलं. अजून पटतंय, हेच तर वाईट. पण हात वर करण्याआधी गावी येऊन सांगायला हवं होतं. बावीस वर्षं ज्यांच्याबरोबर कोळसा फोडला, त्यांच्या तोंडावर सांगायची छाती झाली नाही. चुकलंच माझं. दाजींनी एकदा माझ्याशी बोलावं, बाकी काही नको. तीसला येतो.

रागासकट लोभ राहू दे.
एगोन

बॉन, २ एप्रिल

ति. ताईस सा. न.

धिरडी न खाताच पळालो, माफ कर. खाली खाणीत कुणी वाकडं बोललं नाही. वर आल्यावर न्हाणीघरात मात्र सगळे जोडीजोडीनं उभे राहिले, एकमेकांच्या पाठीवरचा कोळसा चोळून काढू लागले. मी दाजींच्या शेजारच्याच नळाखाली होतो. एकानंही मला हात लावला नाही, दाजींनीसुद्धा. काय समजायचं ते समजलो. काळ्या पाठीवर तसाच सदरा चढवला आणि गाडी गाठली. आता कुठल्या तोंडानं गावात येऊ?

तुझा लोभ तेवढा उरलाय.
एगोन

गेल्झनकिर्शन, ७ एप्रिल

चि. एगोनला आशीर्वाद.

अरे गाढवा! तुझं पत्र वाचून दाखवलं, तर तुझे दाजी म्हणाले, न्हाणीत पाठ मागावी लागते. वाकायचं आणि शेजाऱ्याला हाक द्यायची. मग तो सात जन्मांचा वैरी का असेना, चोळतोच. न मागता मात्र कुणी कुणाच्या पाठीला हात लावत नाही. आणि तू तर खांबासारखा ताठ उभा! तुझे दाजी साबण घेऊन तुझ्या हाकेची वाट बघत होते, आणि बाकीचे यांच्याकडे बघत होते. शेवटी यांना वाटलं, साहेबांना आता आमचा हात नको. बॉनच्या सात वर्षांत एवढं विसरलास का रे?

काल हे खाणीवर जाऊन आले. न्हाणीचे नळसुद्धा काढून नेलेत म्हणे. कोनाड्यात राहिलेली साबणाची वडी तेवढी घेऊन आले. ती फडताळात ठेवलीय, मला हात लावू देत नाहीत. तू ये रे. पण आधी तू बोल. हे बोलायचे नाहीत.

वाट बघतेय.
ट्रूडे