अमिनाबी भर परिषदेत उठल्या

प्रिय आई,
पुण्याहून तुझ्या मुक्ताईचा नमस्कार. मी बरी आहे, वेळेवर जेवते. बाबांचा गुडघा कसा आहे?

आमच्या कॉलेजच्या मुलींनी खडकीच्या वस्तीतल्या बायकांना लिहायला-वाचायला शिकवलं. त्यावर मी काल परिषदेत बोलले. साठीच्या अमिनाबी घरचे रागावतील म्हणून चोरून शिकल्या, त्यामुळे मी त्यांचं नाव न घेता "एक बाई" एवढंच म्हणाले. तर मागच्या रांगेतून त्या स्वतःच उठल्या. "अहो मॅडम, ती बाई मीच. नाव सांगा की!"

टाळ्या पडल्या, पण मला त्यांच्या घरची धास्ती वाटली. परतताना रिक्षात त्या म्हणाल्या, "आता घरीपण मीच सांगते."

आई, हे पत्र तुला वहिनी वाचून दाखवत असेल. सुट्टीत मी आले की आपण दोघी पाटी घेऊन बसूया का?

तुझ्या होकाराची वाट पाहणारी,
मुक्ताई