परीक्षक क्रमांक दोन

बुधवार, ३ एप्रिल

प्रिय रॉस्को,

तुला आणि अर्नेस्टीनवहिनींना नमस्कार. आमचं बरं चाललं आहे. अंगणातला बर्फ गेल्यापासून बर्नडीन मला रोज एक नवं काम सांगते आणि मी रोज ते उद्यावर ढकलतो.

तुझं पत्र मला चार मार्चला मिळालं. चार मैलांवर राहणाऱ्या माणसाला उत्तर लिहायला मी महिना लावला, आणि याचं खापर पोस्टावर फोडता येणार नाही. महत्त्वाचं असेल ते कागदावर लिहायचं, ही तुझी कोर्टाच्या दिवसांपासूनची सवय. फोनवर विचारलं असतंस तर मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली असती. कागदावर ते जमत नाही. चार वेळा लिहायला बसलो आणि चारही कागद फाडले.

आधी आपल्या बास्केटबॉल टीमचं बोलतो. मागच्या तीन सामन्यांना मी आलो नाही, माझी खुर्ची रिकामी राहिली. गुडघा दुखतोय असं तुला कळवलं होतं. गुडघा ठणठणीत आहे. सामने मी स्वयंपाकघरात बसून रेडिओवर ऐकले. सतरा विजय, साठ पराभव. एकतीस वर्षं आपण त्याच वरच्या मजल्यावर, त्याच दोन खुर्च्यांवर बसतोय, पण इतकी रडकी टीम पाहिली नव्हती. मागच्या रविवारी तर तिसऱ्या डावात आपण नऊ गुणांनी पुढे होतो, आणि कोचने चांगली पोरं उचलून बाकावर बसवली. एकाची पाठ धरली म्हणे, दुसऱ्याचा घोटा. सगळ्या शहराला माहीत आहे की धरलंबिरलं काही नाही. जास्त हरलं की उन्हाळ्यातल्या सोडतीत पहिला नंबर लागायची आशा जास्त, म्हणून हे चाललंय. या धंद्यात शेवटून पहिल्या येणाऱ्याला नव्या पोरांतला सगळ्यात चांगला मिळतो. आपल्या शहराच्या बाकी कुठल्या यादीत असं होतं, सांग मला.

तू अजून वहीत गुण लिहितोस का? गुणफलक समोर लखलखत असताना पेन्सिलीने आपला वेगळा हिशोब ठेवणारा सबंध मैदानात तूच एकटा असशील. बर्नडीन तुला त्यावरून हसते. मी हसत नाही. गुण मोजायच्या टेबलावरच्या लोकांनी एकदा आपले दोन गुण खाल्ले होते आणि ते फक्त तुझ्या वहीत सापडले, हे माझ्या लक्षात आहे.

तुझ्या पत्रातला प्रश्न एवढासाच होता. तुझ्या रेनिटाच्या, अग्निशमन दलाच्या भरतीतल्या मुलाखतीच्या गुणांचा कागद तू सोबत जोडला होतास. परीक्षक क्रमांक एक, ब्याऐंशी. क्रमांक दोन, चौऱ्याहत्तर. क्रमांक तीन, ऐंशी. नावं कुठेच नाहीत. खाली तू लिहिलं होतंस, ‘हा दोन नंबर कोण ते शोध. तू आत आहेस. तीस दिवसांत अपील करायचंय, आणि त्याने पोरीत काय वाईट बघितलं ते मला त्याच्या तोंडून ऐकायचंय.’

लेखी परीक्षेत ती पहिल्या चाळिसांत होती. अंगावर साठ पौंडांचं वजन घेऊन जिने चढायच्या परीक्षेत तिने निम्म्या पुरुषांना मागे टाकलं. मुलाखतीनंतर यादीत ती एकशेत्रेचाळिसावी आली. शहराने एकशेतीस जण घेतले. एकशेतिसावा तिच्यापेक्षा सव्वा गुणाने पुढे होता. ऑगस्टमध्ये तिला पस्तिसावं पूर्ण होईल आणि पस्तिशीनंतर अग्निशमन दल कुणाला घेत नाही. पुढची परीक्षा दोन वर्षांनी आहे. हे तुला मी कशाला सांगतोय? तूच मला सांगितलं आहेस. लिहायचं ते लिहायला हात धजत नाही, म्हणून तुझंच तुला परत ऐकवतोय.

मागचं थोडं लिहू दे. एकोणऐंशी साली, अग्निशमन दल काळ्यांना घेत नाही म्हणून, तू आणि आणखी सहा जणांनी शहरावर खटला भरला तेव्हा तू सव्वीसचा होतास आणि मी एकोणीसचा. तुमच्या पोर्चवर बसून मी तुमचे कागद पाकिटांत भरायचो, तेवढंच माझं काम. पाच वर्षं खटला चालला. निकाल आपल्या बाजूने लागला तेव्हा तू एकतीसचा झाला होतास, आणि तेव्हाची वयाची मर्यादा होती तीस. तू बस चालवायला लागलास आणि मी वर्दी घातली. माझ्या पहिल्या दिवशी मला स्टेशनवर सोडायला तूच आला होतास, आपल्या रोजच्या बसमधून, उतारूंना थांबवून. दारात मला म्हणाला होतास, “नीट वाग. तुझ्या मागे रांग आहे.”

पस्तीस वर्षं मी ते पाळलं. जेवणाच्या टेबलावर काय काय ऐकून घेतलं ते तुला ठाऊक आहे. कोर्टाने घुसवलेला माणूस म्हणून माझी ओळख करून दिली जायची, आणि मी त्यांना मिरचीचं मटण रांधून वाढायचो. मी कुणाला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणू नये, म्हणून आपल्या पोरांशी मी जास्तच कडक वागलो. त्याची मला सवय लागली, आणि त्याचा अभिमानही होता. ती सवय कुठवर गेली आहे हे मला नोव्हेंबरपर्यंत कळलं नव्हतं.

रॉस्को, नोव्हेंबरमध्ये मुलाखती घ्यायला मी होतो.

मुलाखती कोण घेणार हे गुप्त ठेवतात, म्हणून तुला सांगितलं नव्हतं. प्रत्येक खोलीत तिघे असतात. माझ्या खोलीत शेजारच्या गावच्या दलातली एक अधिकारी बाई होती, आणि शहराच्या भरती कचेरीतला एक गृहस्थ. प्रत्येक उमेदवार आत यायच्या आधी आमच्या हातात त्याच्या नावाचा कागद देतात. ‘या उमेदवाराला मी ओळखत नाही’ असं त्यावर छापलेलं असतं, त्याखाली सही करायची. ओळखत असलो तर उठून बाहेर जायचं, आणि कॉरिडॉरमध्ये बसलेला राखीव परीक्षक आत येतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या हातात रेनिटा मॅडॉक्सचा कागद आला.

मी उठायला हवं होतं. पण त्या दिवशी कॉरिडॉरमध्ये कॅप्टन हॅलोरन बसला होता. त्याचे दोन्ही मुलगे आणि जावई दलात आहेत आणि पुतण्या त्याच यादीत होता. मी मनात म्हटलं, मी उठलो तर पोर याच्या तावडीत जाईल. मी बसलो तर निदान एक माणूस तिचा असेल. म्हणून मी सही केली. तिच्याच भल्यासाठी केली, हे खरं आहे. माझ्या बाजूने सांगण्यासारखं यात एवढंच आहे.

ती आत आली. मला बघितलं. पापणीसुद्धा हलली नाही तिची. “गुड आफ्टरनून, कॅप्टन,” म्हणाली आणि बसली. हिच्या तोंडून चुकून ‘काका’ निघालं असतं तर माझी खोटी सही, माझी पस्तीस वर्षं आणि माझी पेन्शन सगळं त्या टेबलावर पडलं असतं.

प्रश्न होता, आगीत असताना वरिष्ठाचा हुकूम चुकीचा वाटला तर काय कराल. ती म्हणाली, “आत असेपर्यंत ऐकेन. बाहेर आल्यावर त्यांच्या तोंडावर सांगेन. पाठीमागे कुणाजवळ बोलणार नाही.” पस्तीस वर्षांत यापेक्षा चांगलं उत्तर मी ऐकलेलं नाही.

मी चौऱ्याहत्तर लिहिले.

का लिहिले, हे मी तुला नीट सांगू शकत नाही. सत्त्याऐंशी लिहायला पेन टेकवलं होतं. मग वाटलं, उद्या कळलं की ही त्याच्या मित्राची मुलगी, तर हे सत्त्याऐंशी पुरावा होतील. चौऱ्याहत्तर दिले तर कुणी बोट दाखवू शकणार नाही. हे दोघे भरपूर देतील, आणि तीन जणांच्या सरासरीत ती तरून जाईल. बाईने अठ्ठ्याऐंशी दिले होते आणि त्या गृहस्थाने शहाऐंशी. पण नियम असा की तिघांच्या गुणांत दहापेक्षा जास्त फरक राहू द्यायचा नाही. बोलून जवळ आणायचे. बाईने मला विचारलं, “कॅप्टन, आम्हाला दिसलं नाही असं तुम्हाला काय दिसलं?”

तेव्हासुद्धा मला माझे गुण वाढवता आले असते. मी म्हणालो, “उत्तर पाठ करून आल्यासारखं वाटलं.”

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. बाई म्हणाली, “तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त कळणार,” आणि आपला आकडा खोडला. मी काळा, पोर काळी, मग मी वाईट म्हणतोय म्हणजे असेलच, असा तो हिशोब. तिने ब्याऐंशी केले, त्याने ऐंशी. माझ्या चौऱ्याहत्तरला कुणी हात लावला नाही.

त्याच आठवड्यात आपण सामन्याला गेलो होतो, तुला आठवत असेल. आपल्या टीमचा तो राखीव पोरगा मोकळ्या फेकीवर फेकी चुकवत होता. तू वहीतून डोकं वर न काढता म्हणालास, “मुद्दाम चुकवणारा माणूस ओळखायला सोपा आहे. चेंडू सोडताना तो रिंगकडे बघतच नाही.” मी उठून दोघांसाठी शेंगदाणे आणायला गेलो आणि अख्खा डाव बाहेरच उभा राहिलो. तू म्हणालास, रांग मोठी होती वाटतं. मी हो म्हणालो.

आता सगळ्यात अवघड.

बावीस मार्चला, शुक्रवारी, चर्चच्या तळघरात मी तळलेले मासे घ्यायला गेलो होतो. रेनिटा वाढायला उभी होती. माझ्या डब्यात तिने नेहमीसारखा एक तुकडा जास्त टाकला. मग इकडेतिकडे बघून हळूच म्हणाली, “काका, तुम्ही खोलीत होता हे मी बाबांना सांगितलेलं नाही. कुणालाच नाही. तुमची पेन्शन जायची.” मी डब्याकडे बघत राहिलो. तिला वाटलं मी घाबरलोय. माझ्या मनगटावर हात ठेवून म्हणाली, “ते ब्याऐंशी तुमचेच असणार, मला माहीत आहे. तेवढे तरी मिळाले.”

अपिलाला तेव्हा एक आठवडा बाकी होता. मी डबा घेतला, थँक यू म्हणालो आणि गाडीत जाऊन बसलो. ते मासे मी खाल्ले, रॉस्को. गाडीत बसून सगळे खाल्ले. आपण कसले माणूस आहोत हे मला त्या क्षणी कळलं, आणि तरी मी परत आत गेलो नाही.

मुदत मागच्या शुक्रवारी संपली. सोमवारी मी भरती कचेरीत जाऊन नाव न सांगता चौकशी केली. खिडकीतली मुलगी चांगली होती, तिने पुस्तक काढून वाचून दाखवलं. तीस दिवस उलटले की गुणांवर अपील नाही. परीक्षकाने ओळख लपवल्याचं सिद्ध झालं तर परीक्षकावर कारवाई होते, आणि उमेदवाराची ती मुलाखत रद्द धरतात. नवी घेत नाहीत. म्हणजे मी आज ओरडून सांगितलं तर तिचं नाव एकशेत्रेचाळीसवरूनही जाईल. ती एकशेतिसाच्या आत येईल असा एकही रस्ता त्या पुस्तकात नाही. मी तिला दोनदा विचारलं. यादीतलं कुणी गळलं तर खालचे वर सरकतात, पण या वेळी एकही गळलेला नाही, सगळे ट्रेनिंगला लागलेत. हॅलोरनचा पुतण्याही.

म्हणून हे पत्र तिच्या काही उपयोगाचं नाही, हे मला माहीत आहे. तुझ्याही नाही. तुझ्या वेळी निदान भांडायला समोर शहर होतं. तुझ्या पोरीच्या वेळी मी होतो. तुझ्या खांद्यावर उभा राहून वर गेलो आणि वर जाऊन दार लावून घेतलं. क्षमा मागायला मला तोंड नाही. तू मला क्षमा केलीस तर मला ते सहन होणार नाही, आणि नाही केलीस तरी होणार नाही.

तिला सांगायचं का, ते तू ठरव. माझ्याच्याने होणार नाही. तिने विचारलं तर एवढं सांग, की पाठ करून आल्यासारखं काहीच नव्हतं.

पाकिटात पुढच्या मंगळवारचं माझं तिकीट ठेवलंय. घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना. ते हरतील. रेनिटाला घेऊन जा. माझ्या खुर्चीचा उजवा हात सैल आहे, तिला रेलू देऊ नकोस. पुढच्या वर्षीची तिकिटं मी घेतलेली नाहीत.

आणि हे पत्र कुणालाही दाखव. भरती कचेरीला, वर्तमानपत्राला, चर्चमध्ये मोठ्याने वाच. महत्त्वाचं ते कागदावर. त्या खोलीत मी ज्या कागदावर सही केली तो खोटा होता. यावर पूर्ण नावाने, नंबर घालून सही करतोय.

ॲल्विन टॉलिव्हर
कॅप्टन, बिल्ला क्रमांक ४१७
रेनिटा मॅडॉक्सला ती चार दिवसांची असल्यापासून ओळखणारा