मंगळवारचं दळण

मेहकर, ता. भालकी
दसऱ्यानंतरचा बुधवार, १९८३

प्रिय रामलिंग अण्णा,

तुझं पत्र दसऱ्याच्या आदल्या दिवशी मिळालं. पिठाच्या हातानंच वाचलं आणि कोनाड्यात ठेवलं. आपल्या दोघांचाही गळा वाया गेला, असं लिहिलायस. तुझ्या गळ्याचं तू बघ, माझ्या गळ्याचं तू कामून ठरवायलास? रेकॉर्ड निघंल, रेडिओवर नाव घेतील म्हणून नाटक कंपनीच्या मागं मुंबईत हिंडलास. न्हाई निघाली रेकॉर्ड. आता गुलबर्ग्यात सायकलींचे पंक्चर काढतोस, आणि अप्पाचा ढोल गोणपाटात गुंडाळून माळ्यावर टाकलास. ज्याचं नाव झालं न्हाई त्यानं गायचं कशाला, म्हणतोस. मग अप्पाचं तरी कुठं नाव झालं होतं? मेंढरं राखली, बिरोबाच्या देवळापुढं ओव्या म्हटल्या आणि गेला बिचारा. त्याचा गळा वाया गेला असं तुझ्या तोंडून कधी ऐकलं न्हाई मी.

रागानं लिहायलेय असं वाटंल तुला. राग आलाच हाय, खोटं कशाला बोलू. पण माझं इथं काय चाललंय ते तुला ठाऊकच न्हाई, म्हणून आज सगळं लिहिते.

लग्न झालं तेव्हा मालकांकडं मेंढरं होती. निदान त्यांच्या मागं रानात तरी जायला मिळायचं. ती विकून त्यांनी पिठाची गिरणी घातली आणि मी ह्या पत्र्याच्या खोलीत आले ती आलेच. सकाळी भाकरी थापून आत शिरते, दिवे लागायला बाहेर निघते. खिडकी हाय, पण पीठ उडतं म्हणून मालकांनी खिळे मारून बंद केलीय. मालक वाईट न्हाईत, अण्णा. पीत न्हाईत, हात उचलत न्हाईत. लग्नानंतर एकदा विहिरीवर मी अप्पाची ओवी म्हटली ती त्यांच्या कानावर गेली. तेव्हा येवढंच म्हणाले, बिरोबाची ओवी बाप्यानं म्हणायची असती, बाईनं न्हाई, आपल्या घरात ते चालायचं न्हाई. पुन्हा विषय काढला न्हाई. चार शिव्या घातल्या असत्या तर भांडता तरी आलं असतं मला. असल्या गप माणसापुढं काय भांडायचं?

पण गिरणीची एक गंमत हाय. पट्टा फिरायला लागला की शेजारी उभ्या माणसाचं बोलणं कळत न्हाई. आणि पीठ नाकात जाऊ नये म्हणून तोंडाला पदर बांधावा लागतो. आवाज कुणाला ऐकू येईना, ओठ कुणाला दिसंनात. मग काय, लागले गायला. आधी गुणगुणले, मग भीड चेपली तशी मोकळ्या गळ्यानं. डबा ओतायचा, पीठ भरायचं आणि अप्पाची हरवलेल्या मेंढीची ओवी म्हणायची. माझी मलाच ती कानांनी ऐकू यायची न्हाई, छातीत तेवढी जाणवायची. तरी लई बरं वाटायचं. दिवसभर कोंडून घातल्यागत होतं खरं, पण तेवढा वेळ मी कुणाची न्हवते. असं कैक वरसं चाललं. कुणाला पत्ता न्हवता.

ह्या उन्हाळ्यापासून दर मंगळवारी दुपारी लाईट जायला लागली. पहिल्याच मंगळवारी पट्टा थांबला आणि मी थांबले न्हाई. डोळे मिटलेले, ओवी उंच चढलेली. ध्यानात आलं तेव्हा दळणाला बसलेल्या सगळ्या बायका माझ्या तोंडाकडं बघायल्या होत्या, आणि सासूबाई दारातच बसलेल्या. मालक मंगळवारी भालकीच्या बाजाराला जातात, तेवढं नशीब. आमच्या गल्लीतली अक्कम्मा, घरात कानडी बोलणारी, ती डब्याला टेकून म्हणाली, मुंदे हेळव्वा, पुढं म्हण की गं बाई. मी सासूबाईंकडं बघितलं. त्यांनी पुढ्यातला रिकामा डबा पालथा घातला आणि बोटांनी ठेका धरला. त्यांचा बाप पण ढोल वाजवायचा, हे मला त्या दिवशी कळलं.

तेव्हापासून मंगळवारी आमच्या दारात डब्यांची ही रांग. लाईट जाणार हे ठाऊक असून बायका मुद्दाम त्याच दिवशी येतात. कुणी शेंगा फोडत बसतं, कुणी लेकराला पाजत. मी गाते. अण्णा, तू म्हणतोस तसलं नाव मला नको. पण आपला आवाज दुसऱ्याच्या चेहऱ्यावर बघायला मिळणं काय असतं, ते मला कळलं. आता ते सोडवंना झालंय.

आणि त्यातच घात झाला. बाजाराहून आले की मालकांना ती रांग दिसायची. त्यांना वाटलं, मंगळवारी येवढं दळण येतंय आणि लाईट न्हाई म्हणून बिचाऱ्या बायका ताटकळायल्यात. डिझेलचं इंजिन ठरवून आलेत. दिवाळीच्या पाडव्याला बसवणार. लाईट गेली तरी गिरणी थांबायची न्हाई. सांगताना तोंड खुललं होतं त्यांचं, म्हणाले, आता तुझी पण खोटी व्हायची न्हाई, लाईटीची वाट बघत बसायला नको. मी हसले. दुसरं काय करणार? गाणं ऐकायला येतात म्हटलं असतं, तर ती रांगही मोडली असती आणि सासूबाईंना पण बोलणं बसलं असतं. पाडव्यानंतर मी पुन्हा पदराआडच गाईन. गायचं काय सुटणार न्हाई माझं. पण माणसं ऐकायल्यात हे कळल्यावर परत गिरणीच्या त्या आवाजात जायचं म्हणजे रडू येतंय रे. कालपासून दोनदा भाकरी करपली.

आता पत्र कामून लिहिलं ते सांगते. ओवीत मेंढका मांजरेच्या काठावर येतो, पुराचं पाणी मधी, मेंढी पल्याड उभी. तिथं मी अडकते. कारण तिथवर आलं की आई पोरींना घरी हाक मारायची, पुढलं फक्त तुम्ही बाप्यांनी ऐकलं. मेंढी परत येती का वाहून जाती, मला ठाऊकच न्हाई. दर मंगळवारी अक्कम्मा विचारते, आली का गं मेंढी? मी म्हणते, लाईट आल्यावर येईल. पुढलं आता तुला एकट्यालाच येतंय. तर पाडव्याच्या आधीच्या मंगळवारी ये. पाव्हणा म्हणून आलास तर मालक बाजाराला जायचे न्हाईत आणि मी चुलीपुढं बसेन, म्हणून गिऱ्हाईक म्हणून ये. डब्यात ज्वारी आण आणि बायकांच्या मागं रांगेत बस, तिथं तुझं नाव कुणी विचारायचं न्हाई. ढोल आणू नको, सासूबाईंचा डबा हाय. लाईट गेली की मी सुरू करीन, आणि नदीच्या काठावर येऊन गप झाले की तिथून तू उचल.

तुझीच धाकटी,
सुभद्रा