सहाव्या खंडातली 'गेली'

तीर्थस्वरूप अक्का,

साष्टांग नमस्कार. तो या वेळी अक्षरशः आहे, कारण माझ्या कादंबरीच्या सहाव्या खंडाचे गठ्ठे तीन जिने चढवताना कमरेत उसण भरली आणि चार दिवस मी पालथाच पडून आहे. (पत्रही पालथं पडूनच लिहितोय, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस. ऱ्हस्व-दीर्घाला ठेव, ती तू ठेवणारच आहेस.) तुझा गुडघा कसा आहे? भावोजींचा खोकला? दीड महिना तुझं पत्र नाही, फोन उचलत नाहीस, आणि परवा भावोजींनी उचलला तर मागून तुझा आवाज आला, "सांगा त्याला, मी गेले." म्हणजे प्रकृती ठणठणीत आहे एवढं कळलं.

तू का रागावलीस ते मला ठाऊक आहे. पंधरा हजार वर्षांनंतरच्या माझ्या त्या जगात, जिथे सूर्य म्हातारा झालाय आणि त्याला रोज मंत्र म्हणून उठवावं लागतं, तिथली बुटकी मांत्रिकीण म्हणजे तूच, हे सगळ्या घराला पहिल्या खंडापासून माहीत आहे. शत्रू शाप देतो आणि ही कमरेवर हात ठेवून त्याचं व्याकरण सुधारते, शाप फुकट जातो, वर त्याला तो दहा वेळा लिहून काढावा लागतो. असली बाई मी दुसरीकडे कुठे पाहणार? तर सहाव्या खंडाच्या शेवटच्या ओळीत मी लिहिलं, 'मांत्रिकीण पहाटे गेली.' अक्का, गेली म्हणजे निघाली गं! झोळी उचलली, दार ओढून घेतलं आणि फुटक्या चंद्राच्या वाटेला लागली. ती वारली असं मी कुठे म्हटलंय? पण आपल्या भाषेत माणूस भाजी आणायला गेला काय नि कायमचा गेला काय, शब्द एकच, त्याला मी काय करू? तुझी भावजय म्हणते, मग 'निघाली' लिहायला काय झालं होतं? तिला शेवटच्या ओळीचा तोल काय कळणार! (हे तिला कळवू नकोस.)

तू एकटीच रुसलीस असं समजू नकोस. खंड बाहेर पडला आणि माझं बाहेर पडणं बंद झालं. दाढीला गेलो तर न्हाव्याने अर्ध्या गालावर वस्तरा थांबवून विचारलं, म्हातारीने तुमचं काय घोडं मारलं होतं? (वस्तरा गळ्याशी असल्यामुळे मी चर्चा वाढवली नाही.) शिंप्याने पँट दोन बोटं आखूड शिवली आणि चूक झाली असं म्हणालासुद्धा नाही. मग वाचनालयातल्या बाईंनी बोलावलं. मला वाटलं सत्कार असेल, म्हणून नवा शर्ट आणि तीच आखूड पँट घालून गेलो. बघतो तर शोकसभा! पुस्तकाच्या वेष्टनावरचं मांत्रिकिणीचं चित्र मोठं करून टेबलावर ठेवलेलं, सत्तर-ऐंशी माणसं, सगळ्यांचे चेहरे पडलेले. दोन मिनिटं शांतता पाळली. मीही उभा राहिलो, करतो काय? नंतर बोलायला उठवलं तेव्हा खुलासा करायचा असं ठरवलं होतं. ती मेलेली नाही, असं म्हणायचं होतं. पण तोंडातून निघालं, ती आपल्यातच आहे. झालं! पहिली रांग हमसाहमशी रडायला लागली. अहो, खरंच जिवंत आहे, मी कळवळून सांगतोय, आणि एक निवृत्त पोस्टमन माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणतोय, असंच मानायचं असतं, धीर धरा. अक्का, मग मलाही रडू फुटलं. बाहेर आल्यावर मात्र इतकं हलकं वाटलं की मी वाटेत उभ्याउभ्या दोन आइस्क्रीमं खाल्ली. परक्या माणसांनी तुझ्यावर इतका जीव टाकावा, याचा मला फार आनंद झाला.

तेव्हा आता राग सोड आणि दोन ओळी लिही. शिव्या असल्या तरी चालतील, तुझ्या हातच्या असू देत.

तुझा धाकटा, पालथा,
खंडेराव
(हे नाव तूच ठेवलंस, दुसरा खंड आला तेव्हा.)

ता. क. : उसण परवाच गेली. पण मी आजारी असलो की तू लवकर विरघळतेस, असा लहानपणापासूनचा अनुभव आहे.

ता. क. २ : खरं सांगतो. ती ओळ लिहिली तेव्हा ती मेलीच होती. 'निघाली' हा अर्थ मला शोकसभेतल्या त्या दोन मिनिटांत सुचला.

ता. क. ३ : मारली ती नाइलाजाने. ही गोष्ट माझी कुठे आहे? मला गोवर झाला होता, डोळ्यांना उजेड सोसत नव्हता, आणि पडदे ओढलेल्या खोलीत खाटेच्या कडेला बसून तू रोज थोडी थोडी सांगायचीस. मी बरा झालो आणि तू थांबलीस. त्या पंधरा दिवसांवर मी सहा खंड काढले. ती चंद्राकडे निघते तिथवरच तू सांगितलं होतंस. पुढचं मला सुचेना, म्हणून मी तिला संपवून मोकळा झालो. पन्नास वर्षं विचारायची लाज वाटत होती. आता विचारतो.

अक्का, मग पुढे काय झालं?