पिंपांवरचे मराठी आकडे

१२ ऑगस्ट
फ्रान्सहून सासूबाईंचा फोन. चार पिढ्यांची ब्रँडीची भट्टी विकायचं ठरवलंय.
"एतिएन गेला, तू सोलापुरात. ऐंशीव्या वर्षी मी एकटी भट्टीची आग किती सांभाळू?"
खरंच आहे. नुसतं बरं म्हटलं. भाकरी करपली.
एतिएनला जाऊन नऊ महिने. बायको म्हणून मी काय राखलं त्याचं?

१४ ऑगस्ट
अप्पांना सांगितलं. लग्नाला आले नव्हते ते. लिंगायताची पोर दारू गाळणाऱ्याच्या घरात, म्हणून. बार्शीच्या आडतीवर कुणी विचारलं तर म्हणायचे, पोरगी तिकडं द्राक्षाच्या धंद्यात हाय.
त्यांना बघायलाच मी इथे राहिलेय. अर्धांगापासून शब्द जड येतात.
"इकू नगा म्हन की त्यास्नी."
"मग भट्टी कोण बघणार?"
"तू."
"आणि तुम्हाला?"


१९ ऑगस्ट
सासूबाईंनी तळघरातले फोटो पाठवले. घेणाऱ्यांना यादी हवीय, कुठलं पिंप कुठल्या वर्षाचं. पिंपावर खडूने वर्ष लिहायची तिथली रीत. लग्नानंतर एतिएन माझ्याकडून मराठी आकडे शिकला आणि सगळं तसंच लिहायला लागला. सासूबाई चिडायच्या. आता त्या घरात ते कुणालाच वाचता येत नाहीत.
"तूच वाच," म्हणाल्या.
वाचत गेले. २०११, भट्टीपाशी पहिल्यांदा एकटी उभी राहिले ते साल. तो मागे पोत्यांवर झोपलेला, मुद्दामच. २०१४, गारांचं. आठ पिंपं सांगून झाली. सांगितलं ते विकलं, असं वाटत होतं. पुढचं वाचवेना.

२० ऑगस्ट
नववं अडलं. ६ आणि ९ त्याला कधी नीट जमले नाहीत, उलटेसुलटे व्हायचे. मी हसायचे. २०१६ की २०१९? दोन्ही सालांची पिंपं होती.
सासूबाईंना म्हटलं, चाखल्याशिवाय सांगता यायचं नाही.
"माझ्या जिभेला आता चव कळत नाही. तू ये." मग हळूच, "एक हंगाम, दोन महिने, थांबायला सांगू का घेणाऱ्यांना?"
फोन ठेवला. न्हाणीघरात जाऊन रडले. नऊ महिन्यांत पहिल्यांदा.

२३ ऑगस्ट
अप्पांनी मला न विचारता अक्कलकोटच्या आत्याला फोन केला. ती येऊन राहायला तयार आहे. पण तिचेही गुडघे गेलेत, अप्पांना उचलणार कशी?
दुपारी विचारतात, "तू पितीस का गं ते?"
"चाखते, थुंकते."
"मग जा की. दोन म्हैन्यात मला काय हुतंय."
आणि धड राहिलेल्या डाव्या हाताने पाण्याचा पेला उचलून दाखवला. तोंडापर्यंत नेला. अर्धं पाणी सदऱ्यावर.
"बग. जमतंय की."
मी सदरा पुसत होते, तेवढ्यात सासूबाईंचा फोन आला. अप्पांनी माझा हात बाजूला केला.
"घे की. उचल."