आक्कांच्या नावावर

३ फेब्रुवारी १९८६
टँकर साडेदहाला आला आणि अकराच्या आत आरोग्य उपकेंद्राच्या ओट्यावर दोन बायका. पारूच्या कपाळात घागरीचा काठ घुसलेला, टाके पाच. दुसरीच्या दंडाला चावा. चावणारी तिची सख्खी जाऊ. नंबरावरून.
पारूचं डोकं धरायला रत्ना आली. दूध संस्थेच्या सेक्रेटरीची, निवृत्तीची बायको. सातवी पास, पण वाचायला माझ्यापेक्षा वेगवान. पारू विव्हळतेय, मी सुई घालतेय, आणि ही माझ्या कानाशी, "बाई, त्यो वकीलच खुनी निघंल असं वाटलं नव्हतं बगा."
म्हणजे खुनाचं पुस्तक वाचून झालं. जाताना पदराखालून काढून टेबलावर ठेवलं. वर्तमानपत्राचं कव्हर घातलंय, कोपरे दुमडून. मी दिलं तेव्हा नव्हतं.
विमलला कळवायचं, खुनाचं पास. धाकटी बहीण धाराशिवला वकिलाच्या ऑफिसात टायपिस्ट असल्याचा एवढा फायदा. रद्दीवाल्याकडं बसून पुस्तकं निवडते आणि एसटीत ओळखीच्या कुणाबरोबर तरी पाठवते.

११ फेब्रु.
गोजराबाई आल्या. रत्नाची सासू, सगळं गाव आक्का म्हणतं. गुडघा दुखतो म्हणाल्या. गोळ्या घेतल्या तरी उठेनात.
मग, "बाई, त्या वकिलानं इख कशात घातलं ते रत्ना सांगंना. म्हणती, ऐकताना झोप लागली तर मी काय करू."
सांगितलं. ताकात.
त्यांनी मान हलवली. "ताकात न्हाय घालायचं. चव लागती. लिवणाऱ्याला म्हायती न्हाय."
पुढचं कसलं हवं विचारलं. रडकं नको म्हणाल्या. रडकं घरात लई हाय.
माझ्याकडं पाणी पीत नाहीत. पुस्तकाचं चालतं. बोटीचं दिलं, एकटी बाई बोटीनं परदेशी जाते ते.

२० फेब्रु.
रत्नाचा डावा गाल सुजलेला, कानातून थोडं रक्त. दार लागलं म्हणाली. मी कानात कापूस घातला. मग खरं बोलली.
म्हशी आटल्यात. संस्थेत दूध निम्म्यावर आलं, सभासद निवृत्तीलाच शिव्या घालतात. काल संस्थेतून आला तर ही चुलीपुढं बोटीचं वाचत एकटीच हसत होती. "एवढं काय हसायचं हाय, मला बी वाच," म्हणाला. उभं केलं. वाचताना थांबली की चापट. पूर्णविराम आला की थांबायला होतंच. चार पानं.
"नंतर नंतर म्या पूर्णविराम खाल्ले, बाई. एकाच दमात वाचलं."
आक्का कुठं होत्या?
"तिथंच. शेंगा सोलत." मग म्हणाली, "त्यो भाईर गेल्यावर मला हळद लावली. आन् इचारलं, त्या बोटीतल्या बाईचं पुढं काय झालं."
कानाचा पडदा फाटला असावा. डॉक्टर सोमवारी येतील तेव्हा दाखवायचं. ती येणार नाही.

२ मार्च
विमलचं पत्र आणि पुडकं. "ताई, सप्रेम जयभीम. हे आधी तू वाच आणि मग तुझ्या त्या रत्नाला दे. मी दोनदा वाचलं. टायपिंगच्या वेळात वाचताना साहेबांनी पकडलं."
एका बाईनं स्वतःचं लिहिलेलं. नवरा मारतो, ती मूल घेऊन निघते, शिकते, नोकरी करते. एका बैठकीत संपवलं. चांगलं आहे. द्यावं की नाही कळेना. औषध असतं तर वजन बघून दिलं असतं.

१४ मार्च
शेवटी दिलं होतं. आज परत आलं. मी विचारायच्या आधीच रत्ना म्हणाली, "आवडलं न्हाय."
का?
"ती म्हायेरी गेली. म्हायेर असणाऱ्यांचं पुस्तक हाय ते."
आई-बाप नाहीत तिला. भाऊ सोलापूरला गिरणीत, मागं एकदा गेली तर तिसऱ्या दिवशी आणून सोडली. मला आठवायला हवं होतं. विमलला काय लिहू. आपण शहाण्या, हौसेनं पुस्तकं सुचवतो.
जाताना मात्र म्हणाली, "तिनं पयल्यांदा उलटं बोलल्यावर त्यो गप झाला, ते पान खरं वाटलं. तेवढं पान म्या आक्कास्नी दोनदा वाचून दावलं."

२१ मार्च
हाताला पट्टी, अक्षर वाकडं येतंय.
निवृत्ती आला होता. दुपारी, पेशंट नव्हते. आधी खुर्चीत बसला, नीट बोलला. "नर्सबाई, सरकारनं तुमाला सुई टोचायला ठेवलंय. बायकांच्या डोस्क्यात टोचू नका." मी म्हटलं, तुमच्या बायकोचा कान तपासून घ्या. त्यावर उठला. टेबलाला लाथ. सुया उकळायचं भांडं उलटलं, पाणी माझ्या पायावर. पेटीतली पुस्तकं हातानं ओढून बाहेर फेकली. टिंचरची बाटली भिंतीवर फुटली, एक काच माझ्या तळहातात.
"आमच्या घरात तुमच्या लोकांची पुस्तकं घुसवायची न्हाईत."
हे मनात कधीचं होतं, आज तोंडात आलं.
सरपंचांकडं गेले. म्हणाले, घरातलं भांडण आहे, तुम्ही मध्ये कशाला पडता. हाताला तीन टाके हवे होते. स्वतःला एका हातानं घालता येत नाहीत. पट्टी घट्ट बांधली.
आता कुणाला पुस्तक द्यायचं नाही. पेटीला कुलूप.

२९ मार्च
आक्का आल्या. एकट्या, भर उन्हात. गुडघ्याचं नाव नाही.
"पुस्तक द्या."
म्हटलं, आक्का, नको. त्याचा त्रास रत्नाला होतो.
"रत्नाला न्हाय, मला द्या. माझ्या नावावर. मी सांगीन त्याला, म्या आणलंय."
तुम्हाला कुठं वाचता येतं?
"मला येत न्हाय ते त्येला बी ठाव हाय. पर आईला काय म्हनंल त्यो?"
मग बसल्या. माझ्या हाताच्या पट्टीकडं बघत राहिल्या. म्हणाल्या, "ह्याचा बाप मला असाच मारायचा. ह्यो बाजंखाली बसून बगायचा. म्या त्याला तिथनं कवा भाईर काडलं न्हाय."
कुलूप उघडलं. जाड बघून एक दिलं, दरोडेखोराचं.

९ एप्रिल
दुपारी तीनला पारू पळत बोलवायला आली. निवृत्तीचं डोकं फुटलं.
घरी गेले. माजघरात पडलेला, श्वास घरघरतोय, टाळूवर मध्यभागी चार बोटं जखम, हाड आत गेलेलं. शेजारी वरवंटा. दरोडेखोराचं पुस्तक पालथं. रत्ना भिंतीला टेकून, ओठ फाटलेला, उजव्या हाताची दोन बोटं वाकडी. आक्का मधोमध उभ्या. दारात निम्मं गाव.
आक्का मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "म्या मारलं. माझा ल्योक हाय, म्या मारलं."
दाबून पट्टी बांधली, सलाईन लावलं, संस्थेच्या दुधाच्या टेंपोत कॅन बाजूला सारून त्याला धाराशिवला पाठवलं. टेंपोत त्याचं डोकं मांडीवर घेऊन रत्नाच बसली. तिची बोटं खोक्याच्या फळीच्या तुकड्याला बांधून दिली.

१० एप्रिल
काल एक लिहिलं नाही. निवृत्ती पावणेसहा फूट. भिंतीवरचं रक्त माझ्या डोक्याच्याही वर उडालेलं. उभ्या माणसाच्या टाळूवर मार आहे. आणि आक्कांचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. वेणीसुद्धा रत्ना घालते त्यांची.
पोलीस ठाण्याचे जमादार आले. सभ्य माणूस. चहा घेतला नाही. "म्हातारीनं कबूल केलंय. पण बाई, तिचा हात एवढा उठतो का? तुम्ही तिला तपासता."
मी म्हटलं, "उठतो."
एकच शब्द. लिहून घेतला, सही घेतली.
ते गेल्यावर रजिस्टर उघडलं. जानेवारीचं पान. गोजराबाई, वय साठ, उजवा खांदा आखडलेला, हात वर जात नाही. माझंच अक्षर.
आक्कांना जीपमध्ये बसवून नेलं.

१७ एप्रिल
रत्ना धाराशिवहून आली, कपडे न्यायला. निवृत्ती शुद्धीवर नाही अजून. दार लावून सगळं सांगितलं. जसं बोलली तसं थोडक्यात लिहिते.
आक्का आडव्या पडल्या होत्या, ही वाचून दाखवत होती. संस्थेत सभासदांनी निवृत्तीची गचांडी धरली होती, तो तसाच घरी आला. पुस्तक बघितलं. आक्का म्हणाल्या, माझ्या नावावर आणलंय. तो हसला. रत्नाचा हात धरून दाराच्या चौकटीत ठेवला आणि दार ओढलं. "आता पानं उलट," म्हणाला. आक्का मध्ये आल्या. त्यानं आईवर हात उगारला. जन्मात पहिल्यांदा.
"मग वरवंटा कवा उचलला म्हायती न्हाय. डाव्या हातानं आन् ह्या मोडक्या हातानं. त्यो पडल्यावर आक्कानी माझ्या हातातनं काडून घेतला आन् म्हणाल्या, तू काय बी केलं न्हाईस."
मी जमादारांना काय सांगितलं ते तिला सांगितलं. तिनं माझ्याकडं बघितलं, आभार नाही, राग नाही.

४ मे
विमलचं पत्र. तिनं तिच्या वकीलसाहेबांना गळ घालून आक्कांचं वकीलपत्र घ्यायला लावलंय. जामीन राहायला भावकीतलं कुणी तयार नाही.
विमल तुरुंगात आक्कांना भेटून आली. "ताई, मला वाटलं रडतील. मला म्हणाल्या, तू निवडतीस व्हय पुस्तकं, बरं निवडतीस. बराकीतल्या बायकांना त्यांनी ते वकिलाच्या खुनाचं तोंडी सांगितलंय. शेवट बदलून. ताकाच्या ऐवजी पिठल्यात घातलं. बायका रोज दुपारी पुढचं मागतात, म्हणून दरोडेखोराचं अर्धं राहिलंय ते मी वाचून दाखवावं म्हणतात. अर्ज केलाय."
हसले. 
गावात पुस्तकाचं नाव काढत नाहीत. पारू त्या दिवशी बोलवायला आली होती त्यानंतर फिरकलीच नाही. नर्सबाईच्या पुस्तकानं घर फोडलं, असं टँकरच्या रांगेत बोलतात. म्हणणाऱ्यांत तिघींनी माझ्याकडून नेलेली आहेत.

८ जून
निवृत्ती बोलायला लागला. एकेक शब्द, पण स्पष्ट. डावा पाय ओढतो. काल त्याचा जबाब झाला.
म्हणाला, आईनं मारलं.
रत्ना समोर उभी होती. तो तिच्याकडं बघूनच बोलला म्हणे. त्याला सगळं आठवतंय. बायकोनं मारलं असं गावात तोंडानं सांगणार नाही, मेला तरी. आईच्या हातचा मार पुरुषाला चालतो.
म्हणजे आता खोटं बोलणारे आम्ही तिघं, आणि तिघांचं जुळतंय. आक्का आत. निवृत्ती घरी येणार, रत्ना त्याचं करणार. पाय ओढत असला तरी हात दोन्ही चालतात.
रत्ना म्हणाली, "मी खरं सांगणार, बाई."
मी म्हटलं, तुला आत टाकतील.
"आक्का आत हायेत त्येचं काय?"
 मी खरं सांगावं तर सरकारी कागदावर माझी खोटी सही. रजिस्टरचं पान फाडायचं दोनदा मनात आलं. फाडलं नाही. धाडस होतं की भित्रेपणा, मलाच ठरवता येत नाही.

२३ जून, कोर्टाचा व्हरांडा, धाराशिव
पहाटेच्या गाडीनं गावाहून मी आणि रत्ना आलो.  समन्समध्ये लिहिल्याप्रमाणं रजिस्टर आणलंय, मांडीवर आहे. विमल आत साहेबांच्या मागं उभी.
निवृत्ती काठी घेऊन समोरच्या बाकड्यावर. एकदाही वर बघितलं नाही.
दहाला आक्कांना आणलं. दोन महिला पोलीस. वाळल्यात, पण केस कुणीतरी नीट विंचरून दिलेत. आमच्यापाशी थांबल्या. रत्ना पायाला वाकली तर तिला दंडाला धरून उठवलं.
"काय बी बोलायचं न्हाय तू."
रत्ना म्हणाली, "आक्का, मला झोप लागत न्हाय."
"मला लागती. तिथं मला कुणी मारत न्हाय. बायका ऐकत्यात माझं. साठ वर्सांत कुणी ऐकलं न्हवतं." मग माझ्याकडं, "बाई, तुमी सांगा हिला."
 पोलिसांनी त्यांना आत नेलं.
रत्ना हाताकडं बघत बसली. दोन बोटं सरळ झाली नाहीत, होणारही नाहीत. विचारलं, काय ठरवलंस. म्हणाली, "तिथं उभी ऱ्हायल्यावर तोंडातनं काय निगंल ते."
शिपायानं नाव पुकारलं. माझं असेल म्हणून मी रजिस्टर घेऊन उठले. रत्नाचं होतं. तिनं पदर खांद्यावर घेतला आणि गेली.
दार उघडं आहे पण पंख्याच्या आवाजात शब्द लागत नाहीत. तिची पाठ दिसते. निवृत्तीनं मान वर केलीय, तोही तिकडंच बघतोय.
बराच वेळ झाला. आत रत्ना अजून बोलतेय. तिच्यानंतर माझं नाव.